अर्धा क

कलेक्टर कचेरीच्या भिंतीलगत, कडुनिंबाखाली
माझं टेबल. एक पाय विटेवर.
वर रेमिंग्टन, तिची शिफ्ट अडकायची.
मराठी मशीनवर अर्धा क माडीवर राहतो,
करंगळीनं शिफ्ट दाबल्याबिगर खाली उतरत नाही.
म्हणून माझ्या हातून हक्क कधी धड उमटला नाही.
हकक व्हायचा.
फारशी गरजही पडत नव्हती.
अर्ज विनंतीनं सुरू व्हायचे,
कृपेनं संपायचे,
दोन्हींत अर्धा क लागत नाही.

शहाऐंशीचा डिसेंबर. थंडी.
तर्री-पोह्यांखालच्या कागदावर
तेलानं अर्धवट पारदर्शक झालेली बातमी:
विकास हा मानवी हक्क, राष्ट्रसंघात ठराव.
बाजूने एकशे सेहेचाळीस. तटस्थ आठ.
विरोधात एक.
पोहे संपवले. कागद मात्र फेकवला नाही,
मशीनच्या झाकणात ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात मेश्राम वकिलांनी
ठरावाची सायक्लोस्टाइल प्रत आणली.
चहा गार होईस्तोवर सांगत बसले,
हे एका दिवसाचं काम नाही,
चौदा वर्षं आधी सेनेगलचा एक न्यायमूर्ती
भर सभेत हेच बोलला होता;
त्याच्याही आधी किती देशांनी
मध्यरात्री झेंडे बदलले
आणि सकाळी पाहिलं तर
खाणी त्यांच्याच नावावर, ज्यांच्या कालपर्यंत होत्या.
वकील बोलत होते,
मी अंतर मोजत होतो.
इथून हाकेवर झीरो माइलचा खांब,
त्यावर कोरलंय चांदा किती, बैतूल किती, शिवनी किती.
तांडापेठेतला नळ किती, ते नाही कोरलेलं.

तांडापेठेहून पंचफुला हेडाऊ आली होती त्या दिवशी.
अर्ज चवथा. विषय तोच.
म्हटलं, बाई, आज वेगळं लिहू,
आणि वकिलांची प्रत वाचून दाखवली:
प्रत्येक माणसाला विकासात
भाग घेण्याचा,
हातभार लावण्याचा,
आणि त्याचा उपभोग घेण्याचा हक्क आहे.
तिनं पदरानं मान पुसली.
पुन्हा वाचा म्हणाली.
पुन्हा वाचलं.
"मधलं झालं ना आमचं, बाबूजी.
पान्याची टाकी बांधली तवा
सात महिने गिट्टी वाह्यली म्या.
घरवाला बावीस वर्सं मिलीत, सूत कोनाच्या आंगावर गेलं देव जाने.
मधलं राहू द्या.
बाकीचे दोन लिवा."

आयुष्यात हजारो अर्ज टाइप केले,
मसुदा असा कुणी सांगितला नव्हता.
विनंतीवर एक्स एक्स एक्स मारले.
शिफ्टवर करंगळी ठेवली, जोर दिला,
नख निळं झालं,
शिफ्ट हलली नाही.
शेवटी जागा सोडून टाइप केलं
आणि तो अर्धा क
शाईच्या पेनानं हातानं भरला.
थोडा मोठाच झाला. ओळीतून वर आलेला.

अर्ज परत आला आठ दिवसांत.
शेरा: नमुन्यात नाही.
आम्ही पुन्हा दिला.
पुन्हा आला. पुन्हा दिला.
दरम्यान मिलीचा भोंगा एक दिवस वाजला नाही,
आणि घड्याळ नसलेली माणसं
दुपारपर्यंत घरात बसून राहिली.
दरम्यान कडुनिंबाची एक फांदी रस्तारुंदीत गेली.
सावली घटली, तसं टेबल सरकवलं.

नळ आला एकदाचा. किती वर्षांनी,
ते फाइलला विचारा.
पेढे नाहीत, काही नाही,
पंचफुला सकाळीच येऊन उभी, डोळे तांबारलेले.
"येते पानी. रात्री तीनले येते.
आन् कोनाले इचारून तीनले?
आमाले त कोनी इचारलं नाही.
थे पहिलं काय होतं तुमच्या कागदात,
भाग घेन्याचं?
त्याचा लिवा आता."

मी कागद चढवला.
कार्बन लावला.
करंगळी शिफ्टवर.